नुसत्या बडग्याने हवा निवळत नाही

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. इलेक्ट्रिक बसगाड्यांना, जुने ट्रक बदलायला किंवा शहरांच्या हवा सुधारण्याच्या योजनांना सरकारने अनुदान देणे म्हणजे करदात्याचा पैसा पाण्यात घालणे. धूर सोडणाऱ्याला दंड करा, जुन्या गाड्यांवर बंदी घाला, तेवढे पुरे आहे. हे मत सार्वजनिक पैशाची खरी काळजी असलेली अभ्यासू माणसे मांडतात, म्हणून त्याला उत्तरही तितक्याच गांभीर्याने द्यायला हवे.

पूर्वपक्षाचे मुद्दे तीन आहेत. पहिला तत्त्वाचा. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. मग त्याच प्रदूषकाच्या हातावर उलट पैसे का ठेवायचे? दुसरा इतिहासाचा. दिल्लीतल्या बस आणि रिक्षा न्यायालयाच्या आदेशाने सीएनजीवर गेल्या, त्या अनुदानाने नव्हे. तिसरा अनुभवाचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हजारो कोटी रुपये ओतूनही शहरांची हवा म्हणावी तशी सुधारलेली नाही.

आधी तत्त्व पाहू. ‘प्रदूषकाने किंमत मोजावी’ हे सूत्र आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने 1972 मध्ये मांडले. त्याच संघटनेने 1974 मध्ये या सूत्राच्या अंमलबजावणीविषयी शिफारस केली आणि तिच्यात अपवादालाही जागा ठेवली. नियम एकदम कडक झाल्याने ज्यांची घडी विस्कटेल, त्यांना संक्रमणाच्या काळापुरते मर्यादित साहाय्य देता येईल, असे ती शिफारस सांगते. म्हणजे सूत्र मांडणाऱ्यांनीच दोन वर्षांत त्याची मर्यादा ओळखली होती. शिवाय प्रदूषक नेमका कोण, हा प्रश्न उरतोच. बंदरातून कंटेनर ओढणारा जुना ट्रक पुष्कळदा एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाचा असतो. त्याच्या गाडीतून निघणाऱ्या धुरात माल पाठवणाऱ्या कंपनीचा, तो विकत घेणाऱ्या दुकानदाराचा आणि स्वस्त वस्तू वापरणाऱ्या आपल्या सगळ्यांचा वाटा आहे. दंडाची पावती मात्र एकट्या त्याच्या नावाने फाटते. साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसावर सगळा भार टाकणे हा त्या तत्त्वाचा विपर्यास आहे.

आता दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाचा 28 जुलै 1998 चा तो आदेश नुसत्या सक्तीचा नव्हता. 1990 पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी बदलायची मुदत त्यात होती. त्याचबरोबर 1990 नंतरच्या रिक्षा-टॅक्सी बदलण्यासाठी आर्थिक प्रोत्साहन द्यावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. एप्रिल 2001 पर्यंत बसगाड्यांची संख्या 10,000 वर न्यावी, हाही त्याच आदेशाचा भाग होता. सक्तीचा भाग मुदतवाढी घेत का होईना, 2002 च्या अखेरीपर्यंत पार पडला आणि डिझेलच्या बस रस्त्यावरून गेल्या. ज्या भागासाठी सरकारला पदरचा पैसा घालायचा होता, तो बसगाड्या वाढवण्याचा भाग रेंगाळला. लोक खासगी गाड्यांकडे वळत राहिले आणि सीएनजीने जे कमावले होते, त्यातले बरेच वाढत्या गाड्यांनी गिळले. तेव्हा दिल्लीच्या उदाहरणावरून कायदा पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही. कायद्याच्या जोडीला पैसा आला नाही तर यश टिकत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या सुमारे 130 शहरांत महाराष्ट्राची शहरे सर्वाधिक आहेत. पंधराव्या वित्त आयोगानेही दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठी स्वतंत्र निधी दिला. या सगळ्या खर्चाचा हिशेब सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2024 मध्ये मांडला. त्यानुसार सुमारे 64 टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर गेली होती. वाहनांच्या धुरासाठी साडेबारा टक्क्यांच्या आसपास, तर उद्योगांसाठी एक टक्काही नाही.

असे का झाले? शहराचे यश मुख्यतः पीएम 10 या जाडसर कणांवरून मोजले जाते. फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम 2.5 हे सूक्ष्म कण बहुतांशी ज्वलनातून येतात, पण त्या मोजणीत त्यांना दुय्यम स्थान मिळाले. शिवाय महापालिकेच्या अखत्यारीत रस्ते येतात, कारखान्यांची धुराडी येत नाहीत. झाडलोटीच्या यंत्राची निविदा काढता येते, गाडी आली की बिल निघते आणि उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत जाते. बस चालवायची म्हटली तर चालक, आगार, चार्जिंग आणि रोजची तूट, सगळेच निस्तरावे लागते. म्हणून पैसा सोप्या वाटेने गेला. हा दोष निकषाचा आणि लेखाशीर्षाचा आहे. चुकीच्या औषधाने रोगी बरा झाला नाही म्हणून औषधोपचारच निरर्थक ठरवायचे, अशातला हा युक्तिवाद आहे.

खंडन इथवर झाले, आता मंडन. अनुदान कुठे आणि कसे फळते?

कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंडचे उदाहरण घ्या. बंदर आणि महामार्ग यांच्या कचाट्यात सापडलेली ही वस्ती वर्षानुवर्षे ट्रकच्या धुरात जगली. 2010 च्या सुरुवातीपासून अतिजुन्या इंजिनांच्या ट्रकना बंदरात मज्जाव झाला आणि त्यांच्याहून थोड्या नव्या इंजिनांना काजळी अडवणारी गाळणी सक्तीची झाली. त्याच वेळी गाळणी बसवायला आणि ट्रक बदलायला सार्वजनिक निधी उपलब्ध होता. बर्कलेच्या संशोधकांनी बंदराकडे जाणाऱ्या ट्रकचा धूर रस्त्यावरच मोजला. 2009 ते 2013 या काळात काजळीचे उत्सर्जन सरासरी 76 टक्क्यांनी आणि नायट्रोजन ऑक्साइडचे 53 टक्क्यांनी घटले. सक्तीने तारीख दिली आणि ती पाळण्याची ऐपत अनेकांना साहाय्याने दिली.

हवेला हद्द नसते, मग एका वस्तीसाठी खर्च कशाला, असेही विचारले जाते. त्याचे उत्तरही ओकलंडनेच दिले. तिथे उपकरणे लावलेल्या मोटारी गल्लोगल्ली फिरवून हवा मोजली गेली. 2017 च्या त्या अभ्यासात एकाच गल्लीच्या टप्प्यातही प्रदूषणाचे प्रमाण काही ठिकाणी पाच ते आठ पटींपर्यंत बदलताना दिसले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून सर्वाधिक ग्रासलेल्या वस्त्यांसाठी स्वतंत्र आराखडे करायचे ठरवले, आणि 2019 मध्ये वेस्ट ओकलंडचा आराखडा रहिवाशांची संघटना आणि तिथले हवा नियंत्रण मंडळ यांनी मिळून तयार केला. आपल्याकडे रिफायनऱ्यांना खेटून असलेले माहुल किंवा देवनारच्या कचराभूमीलगतची गोवंडी मुंबईच्या सरासरीत हरवून जाते. सरासरीचा आकडा कुणी श्वासातून घेत नाही. जिथे त्रास अधिक, तिथे पैसा आधी, हा साधा न्याय आहे.

योग्य अनुदानाचे नमुने आपल्याकडेही तयार होत आहेत. 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्राची मदत धावलेल्या किलोमीटरवर मिळते. बारा मीटरच्या बससाठी किलोमीटरला 24 रुपये. बस आगारात उभी राहिली तर पैसे नाहीत. 2025 मध्ये इलेक्ट्रिक ट्रकसाठी प्रोत्साहन जाहीर झाले, तेही जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याशिवाय मिळत नाही. नवी गाडी आली आणि जुनीही धूर ओकत राहिली, असे त्यात होऊ शकत नाही. न्हावा शेव्याच्या कंटेनर वाहतुकीला अशाच तारखेची आणि अशाच मदतीची जोड द्यायला हवी.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. अनुदान बंद करण्याची मागणी सोडून द्यावी आणि त्याला अटी घालण्याची मागणी लावून धरावी. प्रत्येक रुपयामागे नियमाची एक तारीख असावी. यश पीएम 2.5 वर मोजले जावे. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवताना त्या वस्तीतली माणसे टेबलाशी बसलेली असावीत. महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला या तीन गोष्टी विचारणे आपल्या हातात आहे. हवा शुद्ध ठेवणे हे सरकारचे उपकार नव्हेत, ते कर्तव्य आहे. आणि कर्तव्याला खर्च येतो म्हणून ते टाळता येत नाही.