डेटाबेस-थराच्या एकात्मीकरण चाचण्या, जावामधील

जावा भाषेतील आज्ञावलीचा जो भाग डेटाबेसमध्ये माहिती साठवितो व तेथून ती परत आणतो, तो प्रत्यक्ष डेटाबेसशी जोडून तपासण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. एकक चाचणीत आज्ञावलीचा एखादा लहान घटक अलग करून तपासतात. डेटाबेस-थरासाठी मात्र ती अपुरी पडते. कारण एसक्यूएल भाषेतील पृच्छा ही जावाच्या संकलकाच्या दृष्टीने सामान्यतः केवळ एक अक्षरमाला असते. तीत स्तंभाचे नाव चुकले असल्यास ते डेटाबेसने पृच्छा नाकारल्यावरच कळते.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये जावा भाषा जाहीर केली. १९९७ मधील तिच्या १.१ या आवृत्तीत जेडीबीसी हा डेटाबेस-जोडणीचा संच समाविष्ट झाला. त्याच वर्षी केंट बेक व एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटास जाताना विमानात जेयुनिट या चाचणी-साधनाचा आरंभ केला. मात्र अनेकांनी एकच सामाईक डेटाबेस वापरल्यास एकाच्या चाचणीने बदललेल्या नोंदी दुसऱ्याच्या चाचणीस बाधक ठरत व निष्कर्ष चाचण्यांच्या क्रमावर अवलंबून राहत. डीबीयुनिट या साधनामुळे प्रत्येक चाचणीपूर्वी कोष्टकांत ठराविक नोंदी भरणे सुकर झाले.

या अडचणीवर आणखी दोन उपाय रूढ झाले. पहिला, संगणकाच्या स्मृतीतच चालणारा हलका डेटाबेस वापरणे. एचएसक्यूएलडीबी (२००१) व एचटू (२००५) हे या प्रकारचे होत. दुसरा, संपूर्ण चाचणी एकाच व्यवहारात चालवून अखेरीस तो व्यवहार मागे घेणे. स्प्रिंग या आराखड्याने ही रीत लोकप्रिय केली.

दोन्ही उपायांनी वेग वाढला. पण चाचणीच्या साक्षीचे मोल काही अंशी घटले. ओरॅकल डेटाबेस रिक्त अक्षरमाला व मूल्याचा अभाव एकच मानतो, तर पोस्टग्रेस्क्यूएल त्यांत भेद करतो. अवतरणाविना लिहिलेली नावे पोस्टग्रेस्क्यूएल लहान लिपीत बदलतो, तर एचटू सामान्यतः मोठ्या लिपीत. त्यामुळे पर्यायी डेटाबेसवर यशस्वी ठरलेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात अयशस्वी होऊ शकते. तसेच काही निर्बंध व्यवहार कायम करतानाच तपासले जातात. तो नेहमी मागे घेतल्यास त्यांचा भंग झाकला जातो.

डॉकर (२०१३) या साधनामुळे आज्ञावल्या अलग कोशांत चालविणे सुलभ झाले. त्यावर आधारलेल्या टेस्टकंटेनर्स (२०१५) या संचाने चाचणीपुरता खरा डेटाबेस उभारण्याची सोय केली. यासाठी प्रथम प्रत्यक्ष वापरातील आवृत्तीचाच डेटाबेस कोशात सुरू करतात. नंतर फ्लायवे (२०१०) किंवा लिक्विबेस (२००६) यांच्या साहाय्याने कोष्टकांची रचना क्रमवार घडवितात. प्रत्येक चाचणी स्वतःच्या नोंदी भरते व चाचण्या संपल्यावर कोश नष्ट केला जातो. यास स्मृतीतील डेटाबेसपेक्षा अधिक वेळ लागतो व डॉकरसारखी यंत्रणाही आवश्यक असते.

या पद्धतीनेही प्रत्यक्षातील नोंदींची विपुलता व एकाच वेळी येणाऱ्या मागण्यांचा भार आपोआप तपासला जात नाही. जी परिस्थिती चाचणीत उभी केली असेल, तिच्यापुरतीच चाचणीची ग्वाही विश्वसनीय असते.