राजाचे पितळ

नोट हातात आली की तिच्यावरचा चेहरा कोणी बघत नाही, आकडा बघतात. आमच्या बत्तीस शिराळ्यात तर त्याआधी ती उजेडाकडे धरतात. वीस वर्षे काउंटरवर बसलेला माणूस सांगतोय हे! रोमच्या बादशहांची मात्र समजूत अशी, की प्रजा दिवसभर आपलेच तोंड बघत बसते.

त्यांचा हिशेब अगदी घरचा वाटावा असा. सोळा ‘अ‍ॅस’चा चांदीचा एक डिनेरियस. म्हणजे चक्क सोळा आणे! चार अ‍ॅसचा एक सेस्टर्शियस, म्हणजे आपली पावली. सोने-चांदी बड्यांच्या पेटीत. भाजीबाजारात फिरायची ती तांब्या-पितळेचीच मोड. तेव्हा रयतेला आपला थाट दाखवायचा तो तिच्यावरच. कॅलिग्युला बादशहाने सेस्टर्शियसवर एका बाजूला स्वतःची छबी घातली आणि दुसऱ्या बाजूला आपल्या तिन्ही बहिणी, देवींच्या वेषात, नावानिशी. (सगळ्या बहिणींची नावे आमच्याकडे फक्त लग्नपत्रिकेत येतात, तरी एखादी रुसतेच.)

इ.स. 41 मध्ये त्याचा खून झाला आणि त्याचे पितळ उघडे पडले. 43 मध्ये सिनेटने ठराव केला, की याची छबी असलेली अशी सगळी नाणी वितळवा. ठराव करायला काय जाते? 2016 चा नोव्हेंबर काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेल्याला विचारा! बरे, त्या धातूचे झाले काय? डिओ कॅशियस हा इतिहासकार लिहितो, की क्लॉडियस बादशहाच्या राणीने, मेसालिनाने, त्याचे एका नटाचे पुतळे करवले. पावली रयतेची, पुतळा नटाचा! आणि एवढे करून सगळी नाणी गोळा झालीच नाहीत. संग्रहांतून ती आजही आहेत. कुणा रोमन आजीने गाडग्यात दडवली असणार.

आपला गौतमीपुत्र सातकर्णी त्या मानाने पक्का व्यवहारी. क्षत्रप नहपानाने चांदीच्या नाण्यांवर आपला चेहरा कोरवला होता, भोवती ग्रीक अक्षरेसुद्धा. गौतमीपुत्राने त्याचा पराभव केला, पण भट्टी काही पेटवली नाही. त्याच नाण्यांवर आपला ठसा ठोकला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतली नऊ हजारांवर अशी दोनदा ठोकलेली. एका अंगाला चैत्य, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह. चांदी तीच, वजन तेच. कनवटीला नाणे असलेल्याची दमडीही बुडाली नाही.

घाईत काहींवर ठसा जरा बाजूला पडला. तिथे चैत्याच्या आडून नहपानाचे नाक अजून डोकावते आहे.