शेजारी आणि सभासद

मंडळी, ग्रामपंचायतीला उभा राहणारा माणूस कसा असावा? जोतीराव फुल्यांचेच पाहा ना. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेव्हा ते नगरपालिकेत नव्हते. शेजारधर्म मात्र पुरता ओळखून होते. १८७६ मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर सभासद नेमले. १८८० साली व्हाइसरॉय पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत, असा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. सरकारने नेमलेला सभासद, तरी विरोधी मत त्याचे एकट्याचेच! ठराव संमत झाला, पण जोतीराव हलले नाहीत. आज सभासद सरकार नेमत नाही, गाव निवडते. तेव्हा उभे राहण्याआधी आपला हौद कोणाला खुला आहे, एवढे पाहा.