कापराची काजळी

कापूर जळतो आणि मागे काहीच उरत नाही, असं आजी म्हणायची. पण आरतीचं ताट घासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मला माहीत होतं की काजळी उरते. चिंचेनं घासली तरी लवकर जात नाही.

1994 मध्ये पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी याच काजळीपासून फुलरीन मिळवलं. फुलरीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ चेंडू. पुढे शेरॉन यांच्याबरोबर काम केलेले मुकुल कुमार जपानमध्ये नागोयाच्या मेइजो विद्यापीठात गेले. 2003 मध्ये त्यांनी आणि योशिनोरी आंदो यांनी कापूर आणि फेरोसीनची वाफ सुमारे 900 अंश सेल्सियसच्या भट्टीत सोडली. फेरोसीनमधल्या लोखंडाच्या कणांवर कार्बनच्या नळ्या उगवल्या, त्याही एका दिशेनं, ताठ. कारण साधं आहे. बाजरी दाट पेरली की ताटांना आडवं पडायला जागा राहत नाही, तसंच.

भट्टीत मात्र सगळंच तापवावं लागतं. म्हणून काहींनी मायक्रोवेव्ह वापरून पाहिला. त्यात लहरी शोषणारा पदार्थच तापतो आणि नळ्या काही सेकंदांत वाढतात. त्या ताठ उभ्या राहाव्यात, तर तळावर लोखंडाच्या कणांचा थर आधी नीट बसवावा लागतो.

नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी या नळ्यांबद्दल एकच ओळ पाठ केली होती : सुमिओ इजिमा, 1991. दोन मार्क. खरं तर 1952 मध्येच रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी अशा नळ्यांची छायाचित्रं छापली होती. पण ती रशियन नियतकालिकात, शीतयुद्धाच्या काळात. बाहेर फारशी कुणी वाचलीच नाहीत. 1976 मध्ये मोरिनोबु एंडो यांनाही त्या दिसल्या होत्या. जगाचं लक्ष गेलं ते इजिमांच्या इंग्रजी लेखानंतर.

रशियनचं सोडा. पवई तर नाशिकहून तीन-चार तासांवर. तिथल्या कापराची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही, आणि आम्हीही शोधली नाही.

गेल्या दिवाळीत ताट घासता घासता आईला हे सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत घसरलो. ती म्हणाली, ‘मला कळेल असं सांग की.’ तेव्हा जमलं नाही. म्हणून हे लिहिलं. आज तिला पाठवतोय.