नेटशूटचे कूळ

कुबरनेटिसच्या क्लस्टरमध्ये एखादी सेवा एकाएकी मुकी झाली, की अनेक प्रशासकांचा हात आज प्रथम जातो तो नेटशूट नावाच्या तयार कंटेनर-इमेजकडे. टीसीपीडम्प, डिग, एमटीआर, आयपर्फ, सोकॅट ही नेटवर्क-तपासाची सारी आयुधे तीत आधीच भरलेली असतात, आणि एका आज्ञेसरशी ती आजारी पॉडमध्ये दाखल होते. ही वस्तू डॉकरच्या जमान्यातली, म्हणजे 2013 नंतरची, असा सर्रास समज आहे. परंतु तिच्या पायाशी असलेल्या अल्पाइन लिनक्सची वंशावळ चाळताना जो दुवा हाती लागला, त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की तिचे मूळ घराणे फ्लॉपीवरच्या एका राउटरचे आहे.

पुरावा असा. नतानाएल कोपा यांनी 2005 च्या सुमारास अल्पाइनचा आरंभ केला तो लीफ या प्रकल्पाची शाखा म्हणून, आणि लीफ हा लिनक्स राउटर प्रोजेक्टचा वारस. त्या मूळ प्रकल्पाची सारी ईर्षा एकाच फ्लॉपीत अख्खा राउटर बसवण्याची होती: जुना संगणक, दोन नेटवर्क-कार्डे आणि ती एक चकती, एवढ्या भांडवलावर कचेरीची सारी वाहतूक चालावी. जागेच्या या काटकसरीला जोड मिळाली बिझीबॉक्सची, जो ब्रूस पेरेन्स यांनी 1995 साली डेबियनच्या फ्लॉपीसाठी लिहिला. अल्पाइनमध्ये एलएस, ग्रेप, पिंग ही नावे पाहावीत तर ती बहुतांशी एकाच फाइलकडे बोट दाखवणारे दुवे निघतात; आपल्याला कोणत्या नावाने हाक आली एवढे पाहून तो एकच प्रोग्राम ते ते काम करतो.

येथे प्रतिपक्ष उभा राहतो. एकाच फाइलीत अनेक आज्ञा कोंबण्याची युक्ती बीएसडीच्या क्रंचजेनमध्ये 1994 सालीच होती, हे निर्विवाद आहे. मेरिलंड विद्यापीठात जेम्स दा सिल्वा यांनी ती घडवली. पण क्रंचजेन तयार प्रोग्राम एकत्र बांधतो, तर बिझीबॉक्सने प्रत्येक आज्ञा आटोपशीर रूपात नव्याने लिहिली, आणि अल्पाइनमध्ये उतरली ती ही दुसरी रीत. काळाने ज्येष्ठ म्हणून कोणी पूर्वज ठरत नाही. दुसरा दावा नॉपिक्सचा, क्लाउस नॉपर यांच्या त्या 2000 सालच्या सीडीचा, जिने कितीएक बिघडलेले संगणक बाहेरून उघडून दिले. हे साम्य मला वरवरचे वाटते. नॉपिक्स स्वतःचा कर्नल चालू करते, म्हणजे रुग्ण निजलेला असतानाच तपासते; राउटरची फ्लॉपी मात्र वाहत्या रहदारीत उभी असे, आणि नेटशूटही चालत्या पॉडच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरून त्याचाच इंटरफेस, त्याचाच लोकलहोस्ट पाहते. तेथे टीसीपीडम्प लावला की सेवेला येणारे पॅकेट जसेच्या तसे दिसते. हा प्रवेश सेटएनएस या सिस्टिम कॉलमुळे साधतो, जो 2011 साली लिनक्स 3.0 मध्ये आला. त्याच्यावाचून फ्लॉपीचा वारसा येथवर पोहोचलाच नसता. पुढचे टप्पे परिचित आहेत: गूगलच्या डिस्ट्रोलेस इमेजांतून शेलच काढून टाकला गेला, आणि कुबरनेटिसच्या 1.25 आवृत्तीत, 2022 साली, चालत्या पॉडमध्ये तात्पुरता कंटेनर घालण्याची सोय पक्की झाली.

वंशपरंपरेने गुण येतात तसे दोषही येतात, आणि माझ्या पक्षाचा सर्वांत बळकट दाखला मला तेथेच दिसतो. लहान देहाच्या आवडीमुळेच अल्पाइनने 2014 साली 3.0 आवृत्तीत मसल ही आटोपशीर सी-लायब्ररी पत्करली. डीएनएसचे उत्तर 512 बाइटांत मावले नाही तर तेच टीसीपीवरून पुन्हा मागावे ही ग्लिबसीची वहिवाट. मसलच्या कर्त्यांनी ही पायरी दीर्घकाळ मुद्दाम वगळली होती. परिणामी डेबियनवर उभ्या असलेल्या सेवेला जे नाव बिनतक्रार सापडे, तेच त्याच पॉडमध्ये शिरलेल्या अल्पाइनच्या पिंगला सापडत नसे, आणि तपासणारा निर्दोष डीएनएस सर्व्हरवर दोषारोप ठेवून मोकळा होई. डिग मात्र मसलला न विचारता स्वतःच्या यंत्रणेने चौकशी करते, म्हणून एकाच इमेजमधल्या दोन साक्षीदारांची जबानी परस्परविरोधी निघे. मे 2023 मधील मसल 1.2.4 आणि अल्पाइन 3.18 यांनी हा दोष दूर केला; तथापि मसल सर्व नेमसर्व्हरांना एकदम विचारते आणि ग्लिबसी क्रमाने, हा भेद अद्याप कायम आहे.

म्हणून मी नेटशूटच्या जोडीला डेबियनवर बांधलेली एक छोटी इमेजही बाळगतो. तात्पुरत्या कंटेनरला टार्गेटचा पर्याय देऊन मूळ कंटेनरचे प्रोसेस नेमस्पेस जोडले, आणि परवानगी आड आली नाही, तर प्रॉकखालच्या पहिल्या क्रमांकाच्या रूट निर्देशिकेतून सेवेची स्वतःची ओएस-रिलीज फाइल वाचता येते; तीत डेबियन लिहिले आहे की अल्पाइन, हे पाहूनच मी कोणत्या इमेजच्या साक्षीवर भिस्त ठेवायची ते ठरवतो.