कुठे उतरलात? मुंबईच्या सहलीचा एक इतिहास

मोठ्या शहराच्या सहलीचा बेत तीन प्रश्नांवर उभा असतो: काय पाहायचे, काय घ्यायचे आणि कुठे उतरायचे. हल्ली यांतला तिसरा प्रश्न सर्वांत आधी सुटतो. खोलीचे आरक्षण झाले की प्रेक्षणीय स्थळे आणि बाजार तिच्याभोवती बसवले जातात. तिन्ही गोष्टी एकाच पुडक्यात मिळू लागल्यामुळे त्या जन्मल्याही एकत्रच असाव्यात, असा आपला समज होतो. मुंबईचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या शहराने सामान्य मराठी माणसाला आधी पाहू दिले, मग विकत घेऊ दिले, आणि उतरू दिले ते सर्वांत शेवटी. ज्यांना समाजाने तळाशी ठेवले होते त्यांच्या बाबतीत पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीतले अंतर जवळजवळ एका शतकाचे भरते. या अंतराकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सुरुवात शब्दापासून करू. परगावी गेलेला मराठी माणूस तिथे 'उतरतो'. गाडीतून, घोड्यावरून किंवा पाठीवरचे ओझे खाली ठेवून उतरणे, असा या शब्दाचा मूळ संदर्भ. 'कुठे उतरलात?' या प्रश्नाचे जुने उत्तर जागेचे नाव नसे, माणसाचे असे. मामांकडे, व्याह्यांकडे, गाववाल्यांच्या खोलीवर. ज्याला असे नाव घेता येत नसे, त्याला आपली जात आणि गाव सांगून दार उघडून घ्यावे लागे. विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघाले. चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेला त्यांचा 'माझा प्रवास' आपण बंडाची हकीकत म्हणून वाचतो. तो मुक्कामांचा इतिहास म्हणून वाचला, तर प्रवासाचा खर्च कशावर चालला होता ते उमगते. वैदिक विद्या, ज्ञाती आणि ओळखपाळख हेच त्या काळचे प्रवासी हुंडीचे कागद होते. ज्यांच्याजवळ ते होते त्यांना संकटातही छप्पर मिळण्याची आशा असे. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत.

मुंबई 'पाहण्याची' वस्तू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि देशावरचा माणूस घाटात गाडी न सोडता मुंबईस येऊ लागला. त्याच 1863 साली गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले, हा योगायोग बोलका आहे. क्षेत्रमाहात्म्यांची परंपरा असलेल्या भाषेत एका व्यापारी शहराचे सविस्तर वर्णन लिहावे, त्यातले रस्ते, धंदे, लोक आणि संस्था यांची नोंद घ्यावी, ही कल्पनाच नवी होती. तीर्थाला माणूस पुण्यासाठी जातो. या शहरात केवळ कुतूहलापोटी जाता येते, हे मराठी वाचकाला या पुस्तकाने पटवले.

कुतूहल भागवणारी स्थळेही याच सुमारास उभी राहिली. 1862 साली भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स खुले झाले आणि आपण त्याला राणीची बाग म्हणू लागलो. बागेशेजारचे वस्तुसंग्रहालय 1872 साली उघडले. त्याच्या उभारणीसाठी खटपट केलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला 1975 साली मिळाले. 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1878 साली राजाबाई टॉवर पुरा झाला, आणि पुढील दशकात बोरीबंदरचे स्थानक आज दिसते त्या रूपात उभे राहिले. या स्थळांचा एक सामाईक गुण असा, की ती कोणाच्याही घरची वा देवळातली नव्हती. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढताना जात सांगावी लागत नसे. पैसे मोजले की बाकावर बसता येई, मग शेजारच्याच्या मनात काहीही असो. मनोऱ्यावरचे घड्याळ तर रस्त्यावरच्या प्रत्येकालाच वेळ सांगत असे. सत्तेची ही मिरवणूक होती हे खरेच, परंतु मिरवणुकीला प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षक निवडून घेणे तिला परवडत नाही.

दुसरा दरवाजा बाजाराचा. आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली गेलेली मंडई 1869 साली पुरी झाली. विल्यम इमर्सन यांनी तिचा आराखडा केला आणि दर्शनी भागावरील शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. आज ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या उत्तरेस मूळजी जेठा मार्केटचे कापड, झवेरी बाजाराचे सोने आणि भुलेश्वरची गर्दी. दक्षिणेस कोटातली साहेबी दुकाने. या दोन भागांत खरेदीच्या दोन रीती होत्या. एकीकडे बैठक, घासाघीस आणि ओळखीचा दुकानदार. दुसरीकडे काचेआड मांडलेला माल आणि ठरीव किंमत. गावच्या दुकानात अस्पृश्य गिऱ्हाइकाच्या ओंजळीत माल वरून टाकला जाई. महानगरातल्या अनोळखी दुकानदाराला प्रत्येकाची जात ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि गिऱ्हाईक परत पाठवणे त्याच्या हिताचेही नव्हते. बाजार उदार होता असे आमचे म्हणणे नाही. त्याला घाई होती, आणि त्या घाईने बरेच काही सैल केले.

खरेदीचे राजकारणही इथेच घडले. स्वदेशीच्या चळवळीत, 1906 च्या सुमारास, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघाले. कोटातल्या व्हाइटअवे लेडलॉ या विलायती मालाच्या भव्य दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. मुंबईहून परतताना पिशवीत काय आणले यावरून माणसाचे मत ओळखावे असा तो काळ होता. पाहुण्याच्या बेतातली 'खरेदी' ही बाब त्यामुळे नुसत्या हौसेची उरली नाही.

तिसरा दरवाजा मात्र जड होता. 1871 साली उघडलेले वॉटसन यांचे एस्प्लनेड हॉटेल इंग्लंडात घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे केले होते. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चित्रे हिंदुस्थानात प्रथम तिथेच दाखवली गेली. जमशेटजी टाटांना तिथे मज्जाव झाला आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिला भक्कम पुरावा नाही. कथा खरी नसली तरी ती इतकी सहज पटली, यातच त्या काळच्या हॉटेलांविषयीची साक्ष आहे. ताजमहाल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. त्याचे मूळ वास्तुशिल्पी सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा हे होते. समोरचे गेटवे ऑफ इंडिया 1924 साली खुले झाले. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी गेटवेपाशी उभे राहून ताज 'पाहिले'. उतरण्यासाठी बांधलेली वास्तू बहुसंख्यांच्या बेतात पाहण्याच्या यादीत जाऊन बसली.

मग मराठी माणूस उतरे कुठे? नातलगाच्या चाळीतल्या खोलीत, आणि नाहीच तर ज्ञातीच्या धर्मशाळेत. ऐपतदारांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहासारखी निवासस्थाने होती. लोकमान्य तिथेच उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. या व्यवस्थेचा ठसा आपल्या भाषेवरही आहे. इंग्रजीतला 'हॉटेल' हा शब्द आपण घेतला तो चहाफराळाच्या जागेसाठी. झोपण्याच्या जागेला 'लॉज' हा निराळा शब्द घ्यावा लागला, आणि पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' लिहावे लागले. आम्हांला वाटते, पैसे देऊन परक्या छपराखाली रात्र काढणे हा अनुभव मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला उशिरा आला म्हणून हे घडले. 'हॉटेलात जाऊ' म्हणणाऱ्याच्या मनात चहा आणि भजी असत, खोलीची किल्ली नसे.

नातलगांची खोली आणि ज्ञातीची धर्मशाळा या दोन्ही सोयी जातीच्या होत्या. शहरात ज्याच्या जातीचे छप्परच नाही, त्याने काय करावे? याची सर्वांत स्पष्ट साक्ष मुंबईबाहेरच्या दोन प्रवासांतून मिळते, आणि ते दोन्ही एकाच माणसाचे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत ते सांगितले आहेत. पहिला 1901 सालचा. साताऱ्याला राहणारी मुले सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाली. नवे कपडे शिवले, भरजरी टोप्या घेतल्या, जन्मात पहिल्यांदा आगगाडी पाहिली. म्हणजे सहलीच्या बेतातली खरेदी झाली होती, नवलाई पाहूनही झाली होती. मसूरच्या स्थानकावर घ्यायला कोणी आले नाही, जात विचारली गेली, आणि भाड्याची बैलगाडी मिळणेही कठीण झाले. ती रात्र मुलांनी प्यायला पाणी न मिळता काढली.

दुसरा प्रवास 1917 सालचा, बडोद्याचा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाला, तेव्हा हिंदू हॉटेलात आपणांस जागा मिळणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. पारशी नाव लावून तो पारशांच्या एका निवासगृहात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्याला बजावले गेले. मित्रांकडेही सोय होईना. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास आंबेडकरांनी बडोद्याच्या कामाठी बागेत बसून काढले.

या तपशिलापाशी आम्ही पुन:पुन्हा थांबतो. बाग खुली होती. आगगाडी खुली होती. शहर पाहायला त्यांना कोणी अडवले नव्हते. उतरायला मात्र पूर्ण शहरात जागा नव्हती. नव्या काळाने उघडलेल्या दरवाजांचा क्रम यापेक्षा नेमका कोणत्याही इतिहासग्रंथात सापडणार नाही.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव म्हणून आपण तो शिकवतो, कारण त्यातून पुढे 1927 चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. पाणवठे आणि विहिरी यांच्या जोडीला त्यात धर्मशाळांचाही उल्लेख आहे, हे सहसा लक्षात राहत नाही. अर्थात सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या धर्मशाळांपुरताच तो होता. ज्ञातीच्या धर्मशाळा आणि खाजगी हॉटेले त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

ती कक्षा ओलांडली ती 26 जानेवारी 1950 रोजी. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगते. ही यादी सहलीचा बेत हाती धरून वाचावी. काय पाहायचे, काय घ्यायचे, कुठे खायचे, कुठे उतरायचे: चारही बाबी तिथे आहेत. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे, जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो त्यात येतो, असा खुलासा आंबेडकरांनी केला. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने आणखी खाली उतरून हॉटेल, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखान्यातल्या भांड्यांचाही उल्लेख केला. कायद्याला भांड्यापर्यंत यावे लागले, कारण भेद भांड्यापर्यंत गेला होता.

यानंतरची मुंबईची सहल आपल्या परिचयाची आहे. राणीची बाग, मरीन ड्राइव्हवरचे 1951 सालचे मत्स्यालय, मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट, गेटवे आणि शेवटी क्रॉफर्ड मार्केट. शाळांच्या सहली याच वाटेने गेल्या आणि त्यांतल्या मुलांना एका पंक्तीत बसून डबा खाण्यात विशेष काही वाटले नाही. त्यांना विशेष वाटू नये यासाठी केवढा झगडा झाला होता, हे त्यांना कोणी सांगितलेही नसावे. दरवाजे पूर्ण उघडले असे आजही म्हणवत नाही. ओळखपत्रावरचे आडनाव पाहून, एकटी स्त्री पाहून खोल्या अचानक 'भरलेल्या' निघतात, हे प्रवास करणाऱ्या अनेकांना माहीत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यातून वाचनाची एक साधी सवय सुचवावीशी वाटते. प्रवासवर्णन शिकताना आपण लेखकाने काय पाहिले आणि ते कसे वर्णिले याची चर्चा करतो. त्याआधी तो रात्री कुठे उतरला ते शोधावे. त्याला दार कोणी उघडले, कशाच्या बळावर उघडले, आणि त्याच शहरात त्याच रात्री दुसऱ्या कोणासाठी ते उघडले असते का, हे विचारावे. पुष्कळ पुस्तकांत याचे उत्तर एका ओळीत उरकलेले असते, कारण लिहिणाऱ्याला ते सांगण्याजोगे वाटलेले नसते. ज्याला ते पानोपानी सांगावे लागले, त्याच्या पुस्तकाशेजारी ती ओळ ठेवून वाचायला हवी.