सिस्टर, ब्रदर आणि रुग्णसेवेची विद्या

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, घंटांचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा इतिहास यावा हें योग्यच, आणि तो इतर लेखकांनीं दिलाच आहे. मीं मात्र निराळा विषय घेतला आहे, व त्याचें कारण वाचकांच्या घरांतच आहे. आपल्यापैकीं पुष्कळ घरांत एखादी तरी मुलगी परिचारिका आहे, होती, किंवा होऊं पाहत आहे. रुग्णालयांत कोणत्याही धर्माचा रोगी तिला 'सिस्टर' म्हणून हांक मारतो, आणि तिच्या पुरुष सहकाऱ्यास 'ब्रदर' म्हणतो. हांक मारणाराच्या मनांत मठ नसतो. ऐकणारीच्याही मनांत बहुधा नसतो. परंतु पहिलें संबोधन मठांतूनच आलें आहे, आणि दुसरें त्याच्या जोडीला आलें. ह्या सेवेचा इतिहास पाहूं लागलें असतां एक प्रश्न वारंवार पुढें येतो: रोग्याची सेवा करावयास प्रेम पुरे आहे, कीं त्यासाठीं शिकावेंही लागतें?

संत कामिलस दे लेल्लिस हे इटलींतील बुक्कियानिको गांवीं १५५० सालीं जन्मले. तरुणपणीं ते व्हेनिसच्या सैन्यांत शिपाई होते, अट्टल जुगारी होते, आणि पायाला झालेली एक जखम त्यांना जन्मभर पुरली. त्या जखमेमुळेंच ते रोममधील सान जाकोमो ह्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयांत आले, तेथें चाकरीस राहिले, आणि जुगारापायीं तेथून घालविले गेले. १५७५ सालीं त्यांचें मनःपरिवर्तन झालें. पुढें त्याच रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हातीं आला. तेव्हां त्यांना दिसलें कीं, पगारापुरतें काम करणारा चाकर रोग्याजवळ रात्रीं थांबत नाहीं. त्यांनीं देवासाठीं सेवा करणारीं माणसें गोळा केलीं. पण नुसतीं गोळा करून ते थांबले नाहींत. त्यांनीं सेवेचे नियम लिहून दिले: अंथरूण, जेवण, स्वच्छता, मरणोन्मुखाजवळचा पहारा, सर्व कांहीं नेमून दिलें, आणि आई आपल्या एकुलत्या आजारी लेंकराची करते तशी सेवा करावी असें सांगितलें. १५८६ सालीं पोप पांचवे सिक्स्टस ह्यांनीं ह्या संघास मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची परवानगी दिली. ह्या संघाचें चौथें व्रत असें कीं, जीव धोक्यांत घालूनही रोग्यांची सेवा करावी. १५९५ सालीं ह्या तांबड्या क्रुसाचे सेवक हंगेरींत सैन्याबरोबर गेले. रणभूमीवरील जखमींची व्यवस्थित शुश्रूषा करणाऱ्या पहिल्या पथकांत त्यांची गणना होते. पुष्कळ उपदेशकांना येथें आधुनिक रेडक्रॉसशीं नातें जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. जिनिव्हाचें चिन्ह हें स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलट करून घेतलेलें आहे. १९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं संत कामिलस ह्यांना परिचारकांचे आश्रयदाते ठरविलें. परिचर्या हें बायकांचेंच काम, असें म्हणणाऱ्या आपल्या गृहस्थांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, ह्या विद्येचा आश्रयदाता एक धिप्पाड शिपाई होता.

फ्रान्समध्यें संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारियाक ह्यांनीं २९ नोव्हेंबर १६३३ रोजीं पॅरिस येथें डॉटर्स ऑफ चॅरिटी ह्या संघाची स्थापना केली. त्यापूर्वीं व्रतस्थ स्त्री म्हणजे मठाच्या भिंतींआड राहणारी स्त्री, अशीच बहुतेक समजूत होती. ह्या भगिनी मात्र रस्त्यांतून, गरिबांच्या माड्या चढून, हातांत औषधाचें व पेजेचें भांडें घेऊन फिरूं लागल्या. त्यांच्यांतली पहिली मानली जाणारी मार्गरीत नासो ही सुरेन गांवची गुरें राखणारी मुलगी. वाटसरूंना अक्षरें विचारून ती वाचावयास शिकली होती. तिनें प्लेग झालेल्या एका स्त्रीला आपल्या अंथरुणावर घेतलें, आणि संघाची रीतसर स्थापना होण्यापूर्वींच त्या रोगानें ती मरण पावली. तिच्या प्रेमाविषयीं कोण शंका घेईल? पण रोग कसा पसरतो हें तिला सांगणारें कोणी नव्हतें. प्लेगचा जंतु सांपडला तो १८९४ सालीं, हाँगकाँग येथें.

प्रेम व विद्या ह्यांचें अंतर जगाला उघड दिसलें तें एका देवळांत. २४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत सोल्फेरिनो येथें फ्रान्स व सार्डिनिया ह्यांची ऑस्ट्रियाशीं लढाई झाली, आणि एका दिवसांत सुमारें ४० हजार माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. जवळच कास्तिल्योने नांवाचें गांव आहे. हें संत आलोयसियस गोंझागा ह्यांचें जन्मगांव. तेही १५९१ सालीं रोममध्यें सांथीच्या रोग्यांची सेवा करतां करतां तेविसाव्या वर्षीं वारले. त्या गांवांत जखमींचे लोंढे येऊं लागले. घरें भरलीं, पडव्या भरल्या, आणि शेवटीं मोठें देऊळ भरलें. डॉन लोरेन्झो बार्झिझ्झा हे तेथील धर्मगुरू, गांवच्या स्त्रिया व मुली, आणि योगायोगानें तेथें आलेला आंरी द्युनां हा जिनिव्हाचा एक व्यापारी, असे सर्व कामाला लागले. द्युनां हा प्रॉटेस्टंट पंथाचा. तो आपल्या व्यवहाराचें काम घेऊन फ्रान्सच्या बादशहास भेटावयास निघाला होता. स्त्रियांनीं मित्र व शत्रु असा भेद केला नाहीं. 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे 'सारे भाऊच', हे त्यांचे शब्द आजही त्या गांवीं अभिमानानें सांगतात.

हें सारें आपण देवळांतून पुष्कळदां ऐकलें आहे. परंतु गोष्टीचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाहीं. पाणी देणारे हात होते, कपड्याच्या पट्ट्या फाडणारे हात होते. जखम बांधतां येईल असे हात फार थोडे होते. उत्साहानें आलेले लोक कांहीं दिवसांत थकून गेले. जे वांचूं शकले असते असे कित्येक त्या फरसबंदीवर मेले. १८६२ सालीं द्युनांनें ह्या अनुभवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्याचें मुख्य म्हणणें हेंच होतें कीं, संकट आल्यावर सेवक शोधूं नयेत. शांततेच्या काळांतच मंडळें स्थापून त्यांना तयार करावें. १८६३ सालीं जिनिव्हा येथें त्यासाठीं समिती स्थापन झाली, १८६४ सालीं पहिला जिनिव्हा करार झाला, आणि १९०१ सालीं शांततेचें पहिलें नोबेल पारितोषिक द्युनांला विभागून मिळालें.

ह्याच सुमारास इंग्लंडांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाईंनीं शुश्रूषेला शाळेचें रूप दिलें. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. त्यांनीं जर्मनींत कैझरस्वर्थ येथील ल्यूथरपंथी सेविकांत १८५१ सालीं कांहीं महिने शिक्षण घेतलें, व नंतर पॅरिसमध्यें आपल्या भगिनींचेंही काम पाहिलें. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धासाठीं ३८ जणींचें पथक घेऊन त्या निघाल्या, तेव्हां त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनच्या बर्मंड्सी मठाच्या मदर क्लेअर मूर ह्या त्यांपैकीं एक. दोघींची मैत्री पुढें जन्मभर टिकली. सर्वच गोड झालें असें मात्र नाहीं. मदर ब्रिजमन ह्यांच्याबरोबर मागाहून आलेल्या आयरिश भगिनींचें नाइटिंगेलबाईंशीं पटलें नाहीं, कारण त्या भगिनी हुकूम फक्त आपल्या मदरचा मानीत. रुग्णालयांत कोणाचा शब्द चालावा, हा वाद आजच्या वॉर्डांतही ऐकूं येतो. १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शाळा निघाली, आणि परिचर्या ही शिकून, नोंद होऊन, वेतन घेऊन करावयाची विद्या ठरली. आपल्या देशांत मद्रास येथें १८७१ सालीं असें शिक्षण सुरू झालें.

मुंबईला ह्या विद्येची निकड प्लेगनें पटविली. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं मांडवी भागांत प्लेगचा रोगी प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं. हे गोव्यांतील हडफड्याचे, आपल्याच धर्माचे. त्यांचा पुतळा धोबीतलावाजवळ उभा आहे. वांद्र्यापासून पुढें कित्येक पाखाडींत त्या काळीं लोकांनीं उभारलेले प्लेगचे क्रूस अद्यापि दिसतात. पुण्यास सावित्रीबाई फुले ह्या प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत ह्यांच्या, दवाखान्यांत घेऊन गेल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. मार्गरीत नासो व सावित्रीबाई ह्यांच्यामध्यें अडीचशेंहून अधिक वर्षें आहेत. मरण मात्र एकाच प्रकारचें.

आतां एक अवघड गोष्ट. आपल्या धर्मभगिनी रुग्णालयांत शुश्रूषा करीत, परंतु डॉक्टर होणें व बाळंतपण करणें हें व्रतस्थांना, शील व वैराग्य ह्यांस शोभणारें नव्हे असें मानून, ख्रिस्तसभेच्या नियमांनीं मोकळें नव्हतें. युरोपांत ह्याचा फारसा त्रास झाला नाहीं. हिंदुस्थानांत, जेथें पडद्यांतली स्त्री परपुरुष डॉक्टरास हात लावूं देत नसे, तेथें त्याचा अर्थ निराळा झाला. ॲग्नेस मॅक्लॅरेन ह्या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनीं हें ओळखलें. वयाच्या साठीच्या सुमारास त्या कॅथलिक झाल्या, रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं रुग्णालय उभारण्यास झटल्या, आणि हा नियम सैल व्हावा म्हणून रोमला वारंवार अर्ज केले. १९१३ सालीं त्या वारल्या. नियम तसाच राहिला. त्यांच्याशीं पत्रव्यवहार करून वैद्यकाकडे वळलेली टायरोलची तरुणी ॲना डेंगेल आयर्लंडांत कॉर्क येथें शिकून १९१९ सालीं डॉक्टर झाली व रावळपिंडीस आली. एकट्या डॉक्टरनें हें काम होणार नाहीं असें पाहून तिनें १९२५ सालीं वॉशिंग्टन येथें मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. त्या आधीं, १९२० सालीं, ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी पोपमहाशयांची खास परवानगी घेऊन गुंटूरला आल्या होत्या. तेथें त्यांनीं धर्मभगिनी राहून वैद्यकी केली, व १९४३ सालीं कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभी केली.

शेवटीं ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमच्या धर्मप्रसार मंडळानें आज्ञापत्र काढलें, आणि धर्मभगिनींना वैद्यक व प्रसूतिविद्या शिकण्याची नुसती मुभाच नव्हे तर उत्तेजन मिळालें. माझ्या मतें हें फार उशिरा झालें. ज्यांना तो उशीर भोंवला त्या बाळंतिणी पडद्याआड होत्या, व त्यांचा आवाज रोमपर्यंत पोंचला नाहीं. पोंचविला तो दोघी-तिघी हट्टी बायकांनीं. पुढें बारा वर्षांनीं, १९४८ सालीं, लोरेटोचा मठ सोडून गरिबांत उतरूं पाहणाऱ्या मदर तेरेसा प्रथम कोठें गेल्या? पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत, ह्याच मेडिकल मिशन सिस्टर्सकडे, शुश्रूषा शिकावयास. आपल्या भगिनींनीं केवळ भात व मीठ खाऊन राहावें असा त्यांचा बेत होता; तेथील भगिनींनीं स्पष्ट सांगितलें कीं असें केल्यास त्याच आजारी पडतील. मदरनीं तें ऐकलें.

वार्डाबाहेरच्या, म्हणजे अपघाताच्या जागच्या सेवेची विद्या मात्र हळू वाढली. प्रथमोपचाराचे वर्ग सामान्य लोकांसाठीं इंग्लंडांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स मंडळानें १८७८ पासून चालविले. ते आंखणारे डॉ. पीटर शेफर्ड दुसऱ्याच वर्षीं आफ्रिकेच्या लढाईंत मारले गेले. तरी पुढें कित्येक वर्षें ॲम्ब्युलन्स म्हणजे रोगी उचलून नेणारी गाडी एवढाच अर्थ राहिला. १९६६ सालीं बेलफास्टमध्यें डॉ. फ्रँक पँट्रिज ह्यांनीं हृदयविकाराचे उपचार गाडीतूनच रोग्याच्या दारीं नेले. १९६७ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें, गरीब वस्तींतल्या ज्या काळ्या तरुणांना कोणी कामावर घेत नसे, त्यांना डॉ. पीटर साफार ह्यांनीं कित्येक महिने शिकवून ॲम्ब्युलन्सवर पाठविलें. तें शिक्षण पुढें इतरांना नमुना झालें. आपल्याकडे १०८ ह्या क्रमांकाची सेवा हैदराबादेस १५ ऑगस्ट २००५ रोजीं, गोव्यांत २००८ सालीं, आणि महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली. २०२१ च्या कायद्यानें आपत्कालीन सेवेंतील तंत्रज्ञास स्वतंत्र व्यवसायाचें स्थान दिलें.

आपल्या धर्मग्रामांतील पालक मुलीला परिचर्येस घालतात तेव्हां बहुधा परदेशचा विचार आधीं असतो. त्यांत पाप नाहीं. घरें त्या पैशानें उभीं राहिलीं आहेत. पण मुलगा ॲम्ब्युलन्सवर जावयाचें म्हणतो तेव्हां 'ड्रायव्हर होणार का?' असें विचारलें जातें, तें ऐकून मला वाईट वाटतें. ज्यांना खरोखर ह्या मार्गानें जावयाचें आहे त्यांच्यासाठीं एवढें सांगतों. सहाय्यक परिचारिका-प्रसविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जनरल नर्सिंग व मिडवाइफरी तीन वर्षांचा, आणि बी.एस्‌सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची, तिन्हीं बारावीनंतर. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद झाल्यावांचून ह्या राज्यांत परिचारिका म्हणून काम करतां येत नाहीं. तेव्हां फी भरण्यापूर्वीं ती संस्था मान्यताप्राप्त आहे कीं नाहीं, हें परिषदेकडून खात्रीनें समजून घ्यावें.